झालं आणि पाहिलं

“हे कुणी घातले?”

बाबांनी अजून तिला ‘ये’सुद्धा म्हटलं नव्हतं. ती गाडीतून उतरून पिशवी खांद्याला लावेपर्यंत ते मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते आणि टायरच्या कडेवरून बोट फिरवत होते, डॉक्टर लहान मुलाचं पोट दाबून पाहतो तसं.

“पंक्चर झालं होतं बाबा. दोन्ही झिजलेच होते, म्हणून तिथल्या तिथे नवे घालून घेतले.”

“तिथल्या तिथे.” बाबांनी मान हलवली. “आईच्या हातचं सोडून बाहेर जेवतेस, मी कधी काही बोललो? पण टायर?”

“अहो, पोरीला घरात तरी येऊ द्या,” आई दारातून म्हणाली. “टायर काही पळून जात नाहीत.”

“तेच तर म्हणतोय. हे पळण्यातले नाहीतच. ए व्हॉल्व्ह, इकडे ये. वाच.”

व्हॉल्व्ह हे तिचं नाव होतं, बाबांच्या टायरच्या दुकानातलं. लहानपणी रागावली की ती ओठ मिटून नाकातून हवा सोडायची, म्हणून बाबांच्या भागीदाराने, जॅककाकांनी, ते ठेवलं होतं. आता ती इमारतींचे नकाशे काढणाऱ्या मोठ्या कचेरीत होती, तिच्या हाताखाली माणसं होती, पण या अंगणात पाय टाकला की ती व्हॉल्व्हच व्हायची.

“बाबा, मला ऑफिसचा फोन यायचाय.”

“येईल तेव्हा येईल. हा शेवटचा आकडा वाच.”

“अठ्ठ्याऐंशी.”

“आता पुढचं दार उघड. चौकटीवर कागद चिकटवलाय, तिथे काय लिहिलंय?”

“एक्क्याण्णव.”

“म्हणजे गाडी म्हणते, मला एवढं ओझं पेलणारा टायर दे. आणि तुझा तो तिथल्या तिथे म्हणतो, मी त्याहून कमी पेलतो. ही पेट्रोलवरही चालते आणि विजेवरही. दिसते नाजूक, पण पोटात मोठी बॅटरी घेऊन फिरते. पोटुशी बाईला कुणी कसल्याही चपला घालायला देतं का?”

“अहो!” आई म्हणाली.

“आणि हे अक्षर बघ, तापाचं. ए, बी, सी. याला सी आहे. म्हणजे कशीबशी परीक्षा पास झालाय. उन्हात भरली गाडी घेऊन चढ चढलीस की टायरलाही ताप भरतो, आणि त्याला थर्मामीटर लावायला कुणी बसलेलं नसतं. चल, दुकानात. चहा होईपर्यंत बदलून देतो.”

“पुढच्या खेपेला बाबा. नक्की.”

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. नाराज झाले की ते दुसरं काम शोधायचे. “आणि तो आवाज? फोनवर म्हणत होतीस तो?”

आवाज मागच्या सीटपाशी होता. उकाडा वाढला की तिथून बारीक घूं घूं सुरू व्हायची, डासासारखी. ती वैतागली होती त्याला. बाबांनी मागचं दार उघडून आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

“बंद आहे ना गं?”

“चालू आहे. कळत नाही, एवढंच.”

“मग आधी बंद कर. ही झोपलेली नाही, झोपेचं सोंग घेते. मी हात घातला आणि इंजिनाला मध्येच जाग आली म्हणजे? किल्ली घरात नेऊन ठेव, फळीवर.”

गाडीबरोबर मिळालेलं माहितीचं पुस्तक बाबांनी वाचलं होतं, पण फक्त टायरची पानं. बाकीची इंजिनवाल्यांची, असं म्हणून मिटून ठेवलं होतं. कुठलाही आवाज हा त्यांच्या लेखी सैल झालेल्या वस्तूचा आवाज होता, आणि सैल वस्तूवर त्यांच्याकडे एकच औषध होतं: रबर. ते दुकानातून जुन्या ट्यूबचा तुकडा, कात्री आणि सोल्युशनची डबी घेऊन आले आणि मागच्या सीटवर आडवे होऊन कामाला लागले. त्यांचे पाय तेवढे दाराबाहेर दिसत होते. एका पायातली चप्पल निसटून अंगणात पडली होती.

फोन आला. ती अंगणाच्या टोकाला जाऊन बोलत राहिली. कुणीतरी नकाशात जिना चुकीच्या बाजूला दाखवला होता.

“झालं!” बाबा ओरडले.

हे ओरडणं दुकानातलं होतं. तिथला नियम होता: ज्याने आवळलं त्याने तपासायचं नाही. एकाने चाक बसवून नट आवळायचे आणि ‘झालं’ म्हणायचं. मग दुसऱ्याने जाऊन एकेका नटावर हात ठेवायचा आणि ‘पाहिलं’ म्हणायचं. त्याशिवाय गाडी दुकानातून हलायची नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. आपल्याच हातावर आपला विश्वास फार बसतो, असं बाबा म्हणायचे, म्हणून हात दुसऱ्याचा हवा. लहानपणी ती जॅककाकांच्या मागेमागे फिरून प्रत्येक नटाला हात लावायची, पण ‘पाहिलं’ मात्र काकाच म्हणायचे. एकदा तिने तोंड उघडलं तर बाबांनी थांबवलं होतं. “तू मोठी झालीस की तुझं. काय बघायचं ते कळल्यावर.” मग ती मोठी झाली, शिकायला गेली, तिकडचीच झाली.

आत्ता अंगणात काका नव्हते. ‘झालं’ तिलाच होतं. तिने फोन कानाशी धरूनच अंगठा वर केला.

बाबा दारावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. त्यांनी आत एकदा डोकावून पाहिलं, मग दार हळूच लावलं आणि चप्पल शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करून ते दम खायला पायरीवर बसले, ते बसलेच.

*

बाबांचे दिवस झाले, माणसं येऊन गेली, खुर्च्या ज्याच्या त्याला परत दिल्या, तरी तिला एका जागी बसवेना. आईच्या घरी असली की तिला आपल्या घरी जावंसं वाटे, तिथे पोचली की कुलूप उघडण्याआधीच परत फिरावंसं वाटे. धुतलेले कप ती पुन्हा धुवायची. ऑफिसात नकाशा समोर असायचा आणि ती खिडकीपाशी. तिची वाचायची सवयही सुटली. पुस्तक उघडलं की पहिल्या ओळीवरून नजर घसरून पानाखाली पडायची.

गाडीत मात्र जरा बरं वाटायचं. घूं घूं थांबली होती. कुणी शेजारी बसलं की ती आपण होऊन सांगायची, “मागे फार आवाज यायचा. बाबांनी घालवला.” मागच्या टायरांविषयी ती कुणाशी बोलली नाही. दार उघडताना चौकटीवरचा कागद दिसू नये म्हणून ती हल्ली आकाशाकडे बघत गाडीत बसायची.

उन्हं तापायला लागली तशी तिने आईला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. आईने ‘थोडे दिवस’ म्हणून जे सामान काढलं त्यात शिलाई मशीन होतं, गादी होती, डब्यांची पिशवी होती आणि बाबांची छत्री होती.

“छत्री कशाला गं आता?”

“असू दे. जागा किती लागते तिला?”

“मशीन तरी राहू दे.”

“मशीन राहू दे, गादी राहू दे. मलाच ठेवून जा इथे, म्हणजे गाडी हलकी होईल.”

सगळं मागे कोंबलं गेलं. गाव संपून डोंगराचा चढ लागला. मध्यावर आल्यावर गाडीचा जोर हळूहळू कमी व्हायला लागला. इंजिन घरघरत होतं, पण पाय दाबला तरी गाडी पुढे सरकायला तयार नव्हती. मग समोर लाल दिवा लागला आणि अक्षरं आली: यंत्रणा तापली आहे, सुरक्षित जागी थांबा.

तिने वळणापलीकडे रुंद जागा पाहून गाडी कडेला घेतली. बंद केली. खरंच बंद झाली की नाही ते वाकून दोनदा पाहिलं. मग किल्ली आईच्या हातात दिली.

“ही पर्समध्ये टाक आणि त्या झाडाखाली जाऊन बस. गाडीजवळ यायचं नाही.”

“मी काय करणार आहे गाडीला?” असं म्हणून आईने उतरता उतरता पाण्याची बाटली उचलली आणि सरळ बॉनेटपाशी गेली. “उघड. ओतते.”

“आई, नको!”

“अगं तापलीय ना? हे नेहमी ओतायचे. जुनी गाडी चढावर तापायची तेव्हा उघडायचे झाकण आणि...”

“आणि एकदा हात भाजून घेतला होता, तेही सांग ना. तापलेलं झाकण उघडायचं नसतं. आणि ही गाडी वेगळी आहे. पाणी तू पी.”

आई झाडाखाली जाऊन बसली आणि रागाने सगळी बाटली प्यायली.

फोन करून बोलावलेली मदतीची व्हॅन आली तेव्हा ती रस्त्याच्या कडेने येरझारा घालून दमली होती. व्हॅनमधून एक दणकट मेकॅनिक बाई उतरली. केस रुमालात बांधलेले, हातात जाड हातमोजे.

“चालू की बंद?” तिने लांबूनच विचारलं.

“बंद. किल्ली तिकडे, आईच्या पर्समध्ये.”

“वा. निम्मे लोक बंद आहे म्हणतात आणि मी आत हात घातला की इंजिन उठून बसतं. कुणी शिकवलं?”

“वडिलांनी.”

मेकॅनिक बाईने गाडी निवू दिली, मग बॉनेट उघडलं. नारिंगी वायरींना हात लावू नका, शॉक बसेल, असं कुणी जवळ नसतानाही सवयीने बजावलं. “पाण्याच्या दोन टाक्या असतात हिला. एक इंजिनाची, एक विजेच्या भागाची. दोन्ही भरलेल्या आहेत. मग ताप कुठून आला?” ती मागे गेली, सामानाकडे बघून तिने कपाळावर हात मारला. “घर हलवताय का काय? उतरवा सगळं.”

गादी, मशीन, डबे, छत्री, सगळं रस्त्याच्या कडेला मांडलं गेलं. मेकॅनिक बाई सीटच्या कडेला वाकली आणि तिने हातातली विजेरी आत रोखली.

“अरेच्चा.”

“काय झालं?”

“इथे जाळी असते. बॅटरी इथून हवा ओढते, आत पंखा असतो. ती जाळीच बंद केलीय कुणीतरी. गादी वगैरे नंतरचं. हे चिकटवलेलं आहे.” तिने पातळ पट्टी घालून कड सोडवली आणि एक काळा तुकडा अख्खाच्या अख्खा बाहेर आला. “कंपनीचं नाही हे. पण काम बघा किती सुबक आहे. जाळीच्या मापाचं, मिलिमीटरचा फरक नाही.”

तिने तो हातात घेतला. रबर. आतल्या बाजूला सोल्युशनचा वास अजून होता. कडा घासून घासून पातळ केलेल्या, पंक्चरच्या पॅचला करतात तशा, म्हणजे उचकटणार नाहीत.

तिला एकदम हसू आलं. ते थांबेना. बाबांनी बॅटरीचं नाक बंद केलं होतं. लेकीला आवाजाचा त्रास नको म्हणून, मापात कापून, कडा घासून, पक्कं बंद केलं होतं.

आई झाडाखालून उठून आली होती. तिने तुकडा बघितला आणि हात पुढे केला. कडेवरून अंगठा फिरवला.

“ह्यांचंच,” ती म्हणाली. मग मेकॅनिक बाईकडे वळून तिने विचारलं, “आग लागली असती का हो?”

“नाही आजी. तापायला लागली की गाडी स्वतःच जोर कमी करते आणि दिवा लावते. तो दिवा बघूनही दामटली असती तर मात्र महागात पडलं असतं. ह्यांनी थांबवली ते बरं केलं.” तिने सामान आत ठेवायला सुरुवात केली, पण मागच्या चाकापाशी थबकली. हातमोजा काढून तिने टायरच्या बाजूला हात लावला. “हे बघा, किती गरम. पुढच्यांना हात लावून बघा, मग कळेल. या ओझ्याला हे टायर नव्हेत. पंखा आता चालेल, गाडी निवलीय, पण हा चढ तुम्ही आज चढू नका. हळूहळू खाली उतरा, टायर बदला, मग काय ते.”

ती गाडी वळवून हळूहळू खाली उतरायला लागली. मागे घूं घूं पुन्हा सुरू झाली होती. आता तो आवाज तिला श्वासासारखा वाटला.

शेवटच्या वळणावर आई म्हणाली, “दुकानात सांगू नकोस.”

“काय?”

“हे रबराचं. ह्यांच्या हातचं काम कधी परत आलं नव्हतं. एकदाही नाही. लोक सांगायचे. आता गेल्यावर...” तिने पर्सची चेन लावली. तुकडा आत होता.

*

दुकानात जॅककाका एकटेच होते. गाडी बघून ते हात पुसत बाहेर आले, मागच्या चाकाकडे बघितलं आणि आत जाऊन दोन टायर घरंगळत घेऊन आले.

“हे मापाचे आहेत?” तिने विचारलं.

“म्हणजे काय! तुझ्या बापाने तेव्हाच बाजूला काढून ठेवले होते. पुढच्या खेपेला येणार म्हणाला. वाच, व्हॉल्व्ह.”

ती वाकली. एक्क्याण्णव. तापाचं अक्षर ए. खाली लंबगोलात चार आकडे, बनल्याचा आठवडा आणि वर्ष. ताजे होते. ती वाचत राहिली, वाचण्यासारखं काही उरलं नाही तरी वाचत राहिली.

काकांनी गाडीची एक बाजू उचलली, चाक काढून त्यावर नवा टायर चढवला. आई बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. बाबांचा पाना खुंटीवर होता, दुकानात बाकी सगळं जिथल्या तिथे होतं आणि तरी तिला बसवेना. ती टायरांच्या चळतीपासून दारापर्यंत आणि दारापासून चळतीपर्यंत जात राहिली.

“काका, आता तपासतं कोण?”

काका वर बघेनात. “मीच आवळतो, मीच बघतो,” ते म्हणाले, चोरी पकडली गेल्यासारखे. “गिऱ्हाइकाला काय माहीत? पण मला रात्री... जाऊ दे.”

चाक बसलं. गाडी खाली आली. काका पाना लावून एकमेकांसमोरचे नट आवळत होते आणि आवळता आवळताच आईशी बोलत होते. “वहिनी, त्या संध्याकाळी दुकान बंद करताना म्हणत होता, पोरीच्या गाडीतला आवाज घालवला बघ आज. खूश होता. मग कुलूप लावताना थांबला. म्हणाला, पण त्याला दुसरा हात नाही लागला. पुढच्या खेपेला आली की तू एकदा बघून घे. इंजिनवाल्यांचं काहीतरी असायचं ते, मला काय कळतंय...” त्यांनी पाना खाली ठेवला, बाहीने तोंड पुसलं आणि सवयीने ओरडले, “झालं!”

कोपऱ्यातला कंप्रेसर घरघरायला लागला.

ती चाकाशी जाऊन उकिडवी बसली. काका तिच्यासाठी बाजूला सरकले. तिने पहिल्या नटावर हात ठेवला आणि फिरवून बघितला. घट्ट होता. दुसरा. तिसरा. चौथा. पाचव्यावर हात ठेवला आणि तो बोटांबरोबर फिरला.

तिला क्षणभर वाटलं, आपलंच चुकतंय. तिने पुन्हा फिरवला.

“काका, हा राहिलाय.”

काका आले, खाली बसले. त्यांनी नट फिरवून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला, मग कसनुसा झाला. “बोलण्याच्या नादात,” ते म्हणाले. “बघ. आयुष्य गेलं यात. म्हणून दोघं लागतात गं.”

त्यांनी पाना लावून नट आवळला, अंगाचा सगळा भार टाकून.

आईने पर्सची चेन उघडली. ती उठली, रबराचा तुकडा तिने काकांच्या हातात ठेवला. “हा तो आवाज,” ती म्हणाली. “गाडीची हवा बंद झाली होती. आज डोंगरावर निघाला.”

काकांनी तो उलटसुलट करून बघितला. कडेवरून अंगठा फिरवला, आईने फिरवला होता तसाच. “कडा मात्र कशा काढल्यात बघा,” ते म्हणाले, आणि तुकडा त्यांनी बाबांच्या पान्याशेजारी खुंटीखालच्या फळीवर ठेवला. मग दुसऱ्या बाजूचं चाक काढून, टायर बदलून बसवलं, या वेळी एक शब्द न बोलता. उठून ते मागे सरकले.

“झालं.”

तिने दोन्ही चाकांचे सगळे नट पुन्हा पहिल्यापासून पाहिले. एकही सोडला नाही. मग मागचं दार उघडून सीटच्या कडेला हात घातला. जाळी मोकळी होती. तिने तिथे तळवा धरला, दार लावलं.

“पाहिलं,” ती म्हणाली.

कंप्रेसरच्या आवाजात ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

“मोठ्याने गं,” आई म्हणाली. “असं कसं ऐकू जाईल ह्यांना?”

ती ताठ उभी राहिली. तळवे काळे झाले होते. रस्त्यापलीकडच्या दुकानातल्या माणसाने मान वर करून बघावं, इतक्या मोठ्याने ती म्हणाली,

“पाहिलं!”